मुंबईची वेस कुठे लागते?

बेळगावाहून मी निघाले तेव्हा आमच्या महिला मंडळाच्या बायका स्टेशनवर आल्या होत्या. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवणार, असे जाहीर झाल्यापासून आमच्याकडे तिच्याविषयी परदेशाबद्दल बोलावे तसे बोलले जात होते. तिथे शिरायला परवाना लागतो का, आपल्या नोटा चालतात का, लोणच्याची बरणी आत नेऊ देतात का, असे एकेकीचे प्रश्न होते. "बेट आहे ते," आमच्या चिटणीसबाई म्हणाल्या. "बेटावर काही म्हणता काही मिळत नाही. मीठ घेऊन जा." चारी बाजूंनी समुद्र असलेल्या ठिकाणी मीठ नेण्याचा हा सल्ला मी मुकाट्याने ऐकला आणि परत आल्यावर सगळी माहिती लिहून देते असे कबूल केले. त्याप्रमाणे लिहीत आहे.

माझे जाणे हौसेचे नव्हते. आमच्या मधूचे लग्न गिरगावातल्या सुलभाशी ठरले होते आणि ते मोडायच्या बेतात आले होते. मोडणारे माझे यजमान होते. बेळगाव म्हैसूरकडे जाणार आणि मुंबई दिल्लीकडे, या दोन बातम्यांनी ते इतके तापले की एका सभेत उभे राहून त्यांनी जाहीर केले, "मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत मी मुंबईच्या सीमेच्या आत पाऊल ठेवणार नाही!" टाळ्या पडल्या. कोणीतरी हार घेऊन पुढे आले. हार गळ्यात पडताना त्यांना मधूच्या लग्नाची आठवण झाली असावी, कारण त्यांनी व्यासपीठावरून दुसऱ्या रांगेत माझ्याकडे पाहिले. मी मानेने "नको, नको" म्हटले. पण हार पडला होता.

मधू म्हणाला, बाबा येणार नसतील तर मी बोहल्यावर उभा राहत नाही. मुलीकडच्यांचे म्हणणे, हा मुहूर्त चुकला तर पुढचा एकदम दिवाळीनंतर, आणि तोवर मुलीला अडकवून ठेवायचे की नाही याचा विचार करावा लागेल. त्यांचेही चुकत नव्हते. शेवटी ह्यांनीच तोड काढली. सीमांतपूजन म्हणजे मुलीकडच्यांनी वऱ्हाडाला गावाच्या वेशीवर सामोरे जायचे; हल्ली सगळे ते कार्यालयाच्या दारातच उरकून घेतात, पण हे ऐकेनात. "सीमा म्हणजे सीमा," म्हणाले. बेळगावच्या माणसापुढे हा शब्द जपून वापरावा. "मुंबई बेट आहे, म्हणजे तिला वेस असणारच. ती कुठे लागते ते तू बघून ये. कार्यालय वेशीच्या बाहेर असलं, तर मी येतो."

कार्यालय लालबागला घेतलेले होते, कारण गिरगावातली सगळी आधीच लागलेली. तेव्हा लालबाग मुंबईत आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. मी पुढे निघाले. वऱ्हाड मागाहून येऊन ठाण्याला माझ्या दिरांकडे उतरणार होते. ठाणे मुंबईत नाही याबद्दल निदान घरात तरी वाद नव्हता.

पहिली माहिती हवामानाची. वैशाखात मुंबईला हवा नसते, तिच्या जागी वाफ असते. सकाळी नेसलेले पातळ दुपारी पिळता येते. दुसरी माहिती परवान्याची: लागत नाही. नोटा त्याच चालतात. लोणच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

व्याही गिरगावात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. गृहस्थ हळू बोलणारे, काळी टोपी, हातात बारा महिने छत्री. विहीणबाई सडसडीत आणि कामाला वाघ. मी पोचले तेव्हा नळ आला होता (म्हणजे नळाला पाणी आले होते, तिथे माणसांपेक्षा नळाच्या येण्याजाण्याला महत्त्व आहे), त्यामुळे माझे स्वागत हंडे-कळशांच्या रांगेतून झाले. मी आणलेला कुंदा त्यांच्या हातात दिला आणि बोलायला काहीतरी हवे म्हणून म्हटले, "मुंबईत एवढी ऐसपैस गॅलरी म्हणजे नशीबच."

व्याही गोंधळले. "मुंबईत नाही हो विहीणबाई. हे गिरगाव."

"गिरगाव मुंबईतच ना?"

"मुंबई म्हणजे कोट," त्यांनी छत्रीने दक्षिण दाखवली. "कचेऱ्या, बँका, बंदर. मी रोज सकाळी मुंबईला जातो आणि संध्याकाळी घरी येतो."

शेजारच्या खोलीतल्या बाई लुगडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "मुंबईची हवा नाही बाई सोसत आम्हांला. चार-सहा महिन्यांत एकदा जाते, तरी डोकं धरतं." त्या जिथे उभ्या होत्या तिथून कोट चालत अर्ध्या तासावर आहे.

सुलभा मोरीवरून हसत बाहेर आली. "आई, तुम्ही काही विचारा, आमच्याकडे हे असंच. आम्ही गिरगावकर." मुलगी चटपटीत आहे आणि लग्नाआधीच मला आई म्हणून मोकळी झाली होती. तिच्याकडे पाहून माझा निश्चय पक्का झाला. अशी सून दिवाळीपर्यंत कोणी शिल्लक ठेवत नाही.

पहिल्या दिवशी मी व्याह्यांना घेऊन मुंबई पाहायला कोटात गेले. मोठ्या दगडी इमारती आणि त्यांच्या सावलीत घाईने चालणारी माणसे. भिंतींवर कोळशाने घोषणा लिहिलेल्या, काही पुसलेल्या, पुसलेल्यांवर पुन्हा लिहिलेल्या. हिवाळ्यात त्या भागात गोळीबार झाला होता. व्याही एका चौकातून जाताना छत्री मिटून चालले आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा उघडली. 

उन्हाने जीव गेला तेव्हा इराण्याच्या हॉटेलात बसलो. तिथे चहाबरोबर ब्रून (कडक पाव) मिळतो. दात चांगले असतील तरच मागवावा. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या इराण्याला मी सरळ विचारले, "मुंबई म्हणतात ती हीच का?"

"नय बाय, ये तो फोट (कोट) है," तो म्हणाला. "बंबई उधर, गिरगाव, ठाकुरद्वार बाजू. इधर कौन रैता है? सब सुबू आता, शाम को जाता. हम भी जाता."

व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "गिरगाव?"

"वोही असली बंबई."

"अहो, मी गिरगावातच राहतो!"

"तो फिर आप को मालूम होना," इराणी म्हणाला आणि माशी मारू लागला.

तीस वर्षे रोज मुंबईला जाऊन येणारा माणूस, त्याला एका चहात दोन्हीकडून बेघर केले होते.

दुसऱ्या दिवशी मी व्याह्यांसह बेटाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची ठरवली. ट्रामने दादर आणि तिथून बसने माहीम. (ट्रामला पुढे-मागे दोन्हीकडून चढता येते आणि ती मनुष्याच्या बेताने चालते. प्रवाशांनी ट्रामच घ्यावी.) माहीमला खाडी आहे, होड्या आहेत आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास आहे. आम्हा मासे खाणाऱ्यांना तो वास वर्ज्य नाही, पण व्याही रुमाल धरून उभे राहिले. एक कोळीण टोपली विसळत होती. तिला विचारले, मुंबई इथून सुरू होते का?

"म्हायम म्हंजी म्हायम," ती म्हणाली. "मुंबयला आमी मावरं (मासळी) इकाया जाताव." आणि व्याह्यांकडे बोट करून, "यांना काय झालं? लगीन ठरलंय का?"

खाडीच्या पुलापलीकडे वांद्रे आहे. ते बेटावर नाही. तिथे बसच्या थांब्यावर एक सूटवाले गृहस्थ उभे होते. त्यांनी मात्र न विचारता सांगितले की ते पक्के मुंबईकर. बेटावर दीड दिवस हिंडून मला मुंबईत राहणारा पहिला माणूस भेटला, तो बेटाच्या बाहेर.

मग लालबाग. कार्यालय पाहिले, मोठे आहे, पंखे चालतात, मागे विहीर आहे. जवळच चंद्राबाईची खाणावळ होती. गिरणीत काम करणारी कोकणातली माणसे तिथे महिन्याने जेवतात. बाई दणकट, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, आणि बोलणे असे की पळीने वाढल्यासारखे. मी बेळगावची म्हटल्यावर तिने विचारलेसुद्धा नाही, पान मांडले. बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. मुंबईतले, म्हणजे जिथे कुठे ते होते तिथले, सगळ्यात चांगले जेवण मी तिथे जेवले. व्याही फक्त भात आणि सोलकढी जेवले आणि दोनदा भात घेतला.

"बाई, हे मुंबईतच येतं ना?" मी विचारले.

"खंय मुंबय नि खंय आमी!" चंद्राबाई म्हणाली. "मुंबय थंय, भायखळ्याच्या पलीकडे. ह्यां लालबाग." (म्हणजे मुंबई तिकडे, हे लालबाग.)

जेवणाऱ्यांतला एक बाबल्या म्हणून होता. तो म्हणाला, "मालकीण, तुझो घोव मुंबयक गेल्लो, तो परत इलो काय?" (घोव म्हणजे नवरा.)

"गप जेव! तो इलो तर तुका जेवाण कोण घालतलो?"

सगळे हसले. मीही हसले, पण माझे हसणे वेगळ्या कारणाचे होते. लालबागच्या तोंडून मला पाहिजे ते उत्तर मिळाले होते. संध्याकाळच्या गाडीने मी ठाणे गाठले.

वऱ्हाड आले होते. हे ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते आणि मधू त्यांच्या मागे उभा राहून तेच वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे करत होता. मी पाणीसुद्धा न पिता सांगितले, "काम झालं. लालबाग मुंबईत नाही."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"लालबागचे लोक म्हणतात. परळचेही तेच म्हणतील. गिरगावकर म्हणतात गिरगाव मुंबई नाही, माहीमवाले म्हणतात माहीम नाही. कोटात कोणी राहतच नाही. तेव्हा खुशाल चला."

मला वाटले होते, हे सुटले म्हणतील. ते उभे राहिले. "म्हणजे लालबाग सोडून द्यायचं? परळ सोडून द्यायचं? आज लालबाग नाही म्हणता, उद्या दादर नाही म्हणाल, मग दिल्लीवाले काय वेगळं म्हणतायत? मुंबई एक आहे! कुलाब्यापासून खाडीपर्यंत अखंड आहे! त्यातली तसूभर जागा मी बाहेर काढू देणार नाही!"

"पण तिथले लोकच..."

"तिथल्या लोकांना काय कळतंय!"

असे माझ्या दोन दिवसांच्या पायपिटीचे झाले. मुंबई जितकी मोठी, तितके लग्न लांब. आणि ह्यांनी एका दमात ती खाडीपर्यंत नेऊन भिडवली होती. मधू आत गेला आणि आपल्या कपड्यांच्या घड्या घालून ट्रंकेत ठेवू लागला. माझ्या जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून डोळ्याला पदर लावू लागल्या. मला रडण्यापेक्षा विचार करणे बरे पडते. मी पाणी प्यायले आणि ह्यांच्यासमोर बसले.

"सभेत तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"पाऊल ठेवणार नाही म्हणालो. शेकडो लोकांनी ऐकलंय."

"मग पाऊल ठेवू नका," मी म्हटले. "पाऊल सोडून बाकीचे तुम्ही या."

त्यांनी मला बोलून दाखवले नाही, पण हा मुद्दा कायदेशीर असल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मोटारीने न्यायचा प्रश्नच नव्हता; मोटारीच्या वासाने त्यांना बेळगावातल्या कँपापर्यंतसुद्धा ओकारी येते. आगगाडीतून कार्यालयापर्यंत उचलून न्यावे लागणार होते. मी दिरांना लालबागला पिटाळले.

लग्नाच्या दिवशी दादर स्टेशनात डब्याच्या दारासमोर चंद्राबाईच्या खाणावळीतली सगळ्यात भक्कम खुर्ची उभी होती, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले. बाबल्या आणि त्याचे तीन सोबती, रात्रपाळी करून आलेले, पण आंघोळी केलेले.

"नवरो खंय आसा?" बाबल्याने विचारले.

"नवरा नाही उचलायचा. नवऱ्याचा बाप."

"मगे जड आसतलो," तो म्हणाला आणि धोतर वर खोचले.

हे फेटा सावरून डब्यातून थेट खुर्चीत बसले. पायाखाली मी पाट बांधून घेतला होता. मागे मधू बाशिंग बांधून, त्याच्यामागे आम्ही, असे वऱ्हाड निघाले. परळच्या जवळ एका गिरणीची पाळी सुटली होती. खांद्यावरच्या खुर्चीत फेटेवाला माणूस पाहून लोक थांबले. "कोण पुढारी हे?" कोणीतरी विचारले. दिरांनी सरळपणे सांगितले, "बेळगावचे आहेत." एवढे पुरले. "बेळगाव!" असा पुकारा झाला आणि पाठोपाठ "बेळगावसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" बघता बघता आमच्या चाळीस माणसांच्या वऱ्हाडाचे शेकडोंचे झाले. ह्यांनी खुर्चीत हात वर केला आणि "बंधूंनो," असे सुरू केले. मी उन्हासाठी घेतलेल्या छत्रीच्या टोकाने त्यांना मागून टोचले. मुहूर्त जवळ येत होता.

नाक्यावर पोलीस उभे होते. जमावबंदी होती, हे आम्हा बेळगावकरांना कोणी सांगितले नव्हते. एका फौजदाराने खुर्चीसमोर काठी आडवी धरली.

"मोर्चा कोणाचा?"

"मोर्चा नाही, वऱ्हाड आहे," मी पुढे होऊन सांगितले.

"असं? मग मागणी काय आहे तुमची?"

"मागणी केव्हाच झाली, साहेब. आज लग्न आहे."

मागून कोणीतरी "लग्न झालंच पाहिजे!" अशी आरोळी दिली आणि सगळ्या रस्त्याने ती उचलली. फौजदाराने वही काढली. "खुर्चीतल्या इसमाचं नाव सांगा."

आता मी बावीस वर्षे संसार केलेली बाई, मंडळात भाषणे करते. पण नवऱ्याचे नाव विचारले की जीभ अडते ती अडतेच. ह्यांना विचारा म्हणावे तर ह्यांनी तेवढ्यात भाषणाचा दुसरा परिच्छेद सुरू केला होता. माझी अडचण एका गिरणी कामगाराच्या बायकोने ओळखली. ती ओरडली, "नाव घ्या, विहीणबाई, नाव घ्या!" झाले. शेकडो लोक "नाव घ्या, नाव घ्या" म्हणू लागले आणि फौजदार पेन्सिल सरसावून वाट पाहत राहिला. मी पदर नीट केला आणि भर रस्त्यात, पोलिसांसमोर, म्हटले:

"परळच्या नाक्यावरती पोलिसांचं ठाणं,
गोविंदरावांचं नाव घेते, होऊ द्या आमचं जाणं!"

फौजदाराने वहीत 'गोविंदराव' एवढेच लिहिले आणि वही खिशात घातली. "अहो, माझ्या बायकोनं इतकं चांगलं कधी घेतलं नाही," तो म्हणाला. त्याने शिट्टी वाजवून ट्राम थांबवली आणि आम्हांला रस्ता ओलांडून दिला.

कार्यालयाच्या दारात व्याही सीमांतपूजनाला तांब्या-ताम्हन घेऊन उभे होते. विहीणबाईंनी मधूचे पाय धुतले. ह्यांना मान द्यायला व्याही पुढे झाले तेव्हा पाय कुठे आहेत हे त्यांना शोधावे लागले, कारण ते त्यांच्या छातीशी होते. पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. गिरगावची माणसे सभ्य आहेत हे माझ्या माहितीत आवर्जून लिहावे.

खुर्ची बोहल्याच्या उजव्या हाताला ठेवली, पाय पाटावर. अंतरपाट धरला. मंगलाष्टके सुरू झाली. पहिल्या अक्षता ह्यांनी बसूनच टाकल्या, त्या भटजींच्या डोक्यात पडल्या. दुसऱ्या अंतरपाटाच्या अलीकडेच राहिल्या. शेवटच्या मंगलाष्टकाला सगळे मांडव भरून उभे राहिले, पलीकडे सुलभा दिसेना, मधू दिसेना, आणि हे उठले. दोन्ही पाय जमिनीवर, चार पावले पुढे जाऊन, हात लांब करून त्यांनी नेमक्या दोघांच्या डोक्यांवर अक्षता टाकल्या. अंतरपाट निघाला. वाजंत्री वाजली. ते पाहत उभे राहिले.

मी पाहिले. विहीणबाईंनी पाहिले. बाबल्या दाराशी होता, त्यानेही पाहिले असणार, कारण तो खांदा चोळत होता तो थांबला. मी समोरच्या समईची वात सारखी केली. वर मान केली तेव्हा हे खुर्चीत होते आणि पाय पाटावर. आजतागायत त्यांनी या गोष्टीचा विषय काढलेला नाही. ते हे लिखाण वाचतील तेव्हा काढतील, तर काढोत. लग्न झाले आहे.

परतीच्या दिवशी पुन्हा खुर्ची, पुन्हा दादर. गर्दी बेताची, भाषण नाही. चंद्राबाईने वाटेसाठी डब्यात भात आणि सुके बोंबील दिले होते. व्याही फलाटावर छत्री उघडून उभे राहिले; फलाटावर छप्पर आहे. विहीणबाईंनी सुलभाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यानंतर रडायचे ते सगळे व्याहीच रडले.

गाडी शीवच्या पुढे निघाली. दोन्ही बाजूंना मिठागरे आणि खाडीचे पाणी दिसले आणि मागे गेले. समोरच्या बाकावर पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सुलभाच्या हातातला हिरवा चुडा पाहून विचारले, "नवी नवरी वाटतं? माहेर कुठलं ग तुझं?"

सुलभा खिडकीबाहेर पाहत होती. तिने डोळे पुसले.

"मुंबई," ती म्हणाली.

ह्यांनी वर्तमानपत्र हळूच खाली केले आणि सुनेकडे चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे आहे तर," ते म्हणाले.

"काय, मामंजी?"

ते उत्तर देणार, इतक्यात मी दोघांनाही हात धुऊन यायला सांगितले आणि डबा उघडला.